'ब्लो-अप'ची चौकट कापली आणि शेवटही बुडवला

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक तक्रार विभाग

तुमच्या हेल्पलाइनवरचा फोन आत्ता ठेवला आणि लगेच 'तक्रार निकाली' असा मेसेज आला. ती निकाली निघालेली नाही, म्हणून लेखी देतो आहे.

रविवारी सकाळी तुम्ही दिग्दर्शक आन्तोनिओनीचा 'ब्लो-अप' (१९६६) लावलात. हा सिनेमा १.८५:१ चा, म्हणजे चित्राची रुंदी उंचीच्या १.८५ पट; याला 'फ्लॅट' म्हणतात. तुमच्या ऑपरेटरने तो त्याहून बराच रुंद असलेल्या 'स्कोप'च्या पडद्यावर या कडेपासून त्या कडेपर्यंत भरला. चित्राच्या उंचीचा पाचव्या हिश्श्याहून जास्त भाग बाहेर गेला. माणसांची डोकी कापली, सबटायटलची खालची ओळ गायब. लंडनच्या बागेत काढलेले फोटो एक फोटोग्राफर मोठे करत जातो आणि त्याला झुडपातलं पिस्तूल दिसतं, मग गवतातलं प्रेत दिसतं. चित्रात काय आहे आणि काय नाही, यावरच जो सिनेमा उभा आहे, त्याचंच चित्र तुम्ही कापलंत!

भिंतीवर फोटो लागलेले, संवाद नाही, फक्त झाडांतला वारा ऐकू येतोय. नेमकं तिथे मध्यंतर.

शेवटी मूकनाट्यवाली मुलं चेंडूशिवाय टेनिस खेळतात. नायक तो नसलेला चेंडू उचलून फेकतो आणि मग चेंडूचा आवाज येऊ लागतो. त्याच क्षणी तुम्ही दिवे लावलेत, दारं उघडलीत, कचऱ्याच्या पिशव्या घेऊन माणसं आत आली. शेवटच्या शॉटमध्ये नायक हिरवळीवरून नाहीसा होतो, तो पांढऱ्या उजेडात कुणालाच धड दिसला नाही.

बाहेर ड्यूटी मॅनेजरना गाठलं. मोबाइलवरून नजर न उचलता ते म्हणाले, "सर, खुनी तर शेवटपर्यंत सापडतच नाही. मग तुमचं काय बुडालं?" मी म्हटलं, तो सापडत नाही हाच सिनेमा आहे. त्यावर ते शेजारच्या मुलाकडे बघून हसले आणि म्हणाले, "यांना पॉपकॉर्नचं कूपन दे." मी पॉपकॉर्न मागितलं नव्हतं. फ्रान्सच्या कान चित्रपट महोत्सवात १९६७ साली सर्वोच्च पुरस्कार मिळवलेला सिनेमा तुम्ही पैसे घेऊन दाखवता आणि प्रश्न विचारणाऱ्याला कूपन देऊन वाटेला लावता?

आजच्या फोनवर तर कहर झाला. "पण स्क्रीन फुल दिसत होती ना, सर?" अहो, तीच तर तक्रार आहे! पडदा भरला म्हणून चित्र कापलं गेलं. बाजूंना काळी पट्टी राहिली असती तर कुणाचंही काही बिघडलं नसतं.

जुने सिनेमे मोठ्या पडद्यावर आणणारे तुम्ही, म्हणून मी मित्रांना आग्रहाने घेऊन आलो होतो. तो विश्वास तुम्ही घालवलात. त्या खेळाच्या सगळ्या प्रेक्षकांना तिकिटाचे पैसे परत करा, लेखी माफी द्या आणि हाच सिनेमा योग्य चौकटीत, मध्यंतराविना पुन्हा दाखवा. १११ मिनिटांच्या सिनेमाला मध्यंतर लागत नाही. पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. तिकीट आणि कापलेल्या पडद्याचा फोटो सोबत जोडला आहे.