माणसाला ७५, संगणकाला १२००

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर सॅम फेडिडाचं नाव घेतलं आणि तू विचारलंस, "हा कोण?" टेलिफोनच्या तारांशी जन्मभर संसार केलेल्या तुला हे नाव ठाऊक नसावं, याची चुटपुट लागून राहिली. म्हणून हे पत्र.

फेडिडाचा जन्म १९१८ चा, इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियाचा. पुढे तो ब्रिटिश पोस्ट ऑफिसच्या संशोधन विभागात आला. तिकडे तेव्हा टेलिफोन पोस्टाकडेच होते, आपल्याकडे १९८५ पर्यंत डाक-तार एकत्र होतं तसेच. लिकलायडर आणि टेलर या दोन अमेरिकनांनी १९६८ मध्ये एक लेख लिहिला होता, संगणकामार्फत माणसं एकमेकांशी बोलतील असं सांगणारा. तो फेडिडाच्या मनात रुजला. पण संगणक घरात आणायचा कुणी? त्याने घरात आधीच काय आहे ते पाहिलं. टीव्ही होता, फोन होता. त्या दोघांची गाठ घालायची ठरली. १९७४ मध्ये नमुना चालू झाला, नाव व्ह्यूडेटा: दूरच्या संगणकातली माहितीची पानं फोनच्या तारेवरून घरच्या टीव्हीवर.

आता मला सगळ्यात आवडलेली गोष्ट. संगणकाकडून घराकडे सेकंदाला १२०० बिट, म्हणजे संगणकाच्या भाषेतले शून्य-एक, घराकडून संगणकाकडे फक्त ७५. पहिल्यांदा वाचलं तेव्हा छपाईची चूक वाटली. मग कागद घेऊन हिशेब मांडला. पडद्यावर २४ ओळी, ओळीत ४० अक्षरं, म्हणजे ९६०. एका अक्षराला, त्याची सुरुवात-शेवट सांगणारे मागचेपुढचे बिट धरून, १० बिट. अख्खं पान ८ सेकंदांत भरतं. आणि माणूस? तो खुर्चीत टेकून एक आकडा दाबणार, वाचणार, मग दुसरा दाबणार. ७५ बिटांत सेकंदाला सात आकडे सहज जातात. एवढं भरभर कुणाचं बोट चालतं? एकाच तारेची वाटणी करताना माणसाच्या बोटाचा वेग मोजलेला आहे, रे! मी तो कागद अजून जपून ठेवलाय.

टंकलेखन येण्याचीही गरज नव्हती. आकडे, चांदणी आणि हॅश, बस. *०# दाबलं की मुख्य अनुक्रमणिका, *९०# दाबलं की रजा. गावी आमच्या वहिनी साध्या बटणांच्या फोनवर *९९# लावून बँकेतली शिल्लक बघतात, तेव्हा मला हटकून फेडिडा आठवतो. एकातून दुसरं निघालं असं मी म्हणत नाही, पण जातकुळी तीच.

१९७९ मध्ये ही सेवा 'प्रेस्टेल' नावाने लोकांसाठी खुली झाली. बातम्या, गाड्यांच्या वेळा, पुढे निरोपांची देवाणघेवाण आणि घरबसल्या बँकेचे व्यवहारही. घोडं अडलं ते पैशावर. टीव्ही खास लागायचा, तो महाग. वर फोनचे पैसे, संगणकाच्या वेळेचे पैसे, काही पानांचे वेगळे. लाखोंची आशा होती, ग्राहक ९० हजारांच्या आसपासच थांबले. फ्रेंचांनी मिनिटेल या त्यांच्या अशाच सेवेची यंत्रं फुकट वाटली आणि ती सेवा २०१२ पर्यंत चालली. मला याचं फार वाईट वाटतं. ज्याने दिवाणखान्यातल्या माणसाचा एवढा विचार केला, त्याची वस्तू त्याच माणसाच्या खिशाला परवडू नये?

तरी एक प्रसंग तुला सांगायचाच आहे. १९८४ च्या मे महिन्यात इंग्लंडमधल्या गेट्सहेडला ७२ वर्षांच्या एका आजींनी याच जातीच्या यंत्रणेवर, टीव्हीच्या रिमोटने, वाणसामान मागवलं. मार्गारीन, कॉर्नफ्लेक्स आणि अंडी. दुकानाने सामान घरपोच दिलं. फेडिडा २००७ मध्ये गेला. आजींची ही यादी त्याच्या कानावर गेली असेल का, हे मनात घोळत राहतं.

तुझ्या पत्राची वाट पाहतो. वहिनींना नमस्कार.

तुझाच,
जुना सोबती