हाशेची गोष्ट

लायडन, नेदरलँड्स,
नोव्हेंबर, रविवार

प्रिय फ्रान्सिस,

सप्रेम नमस्कार.

थंडीत इथली माणसं जेवतात तरी काय, असं तू विचारलं होतंस. फोनवर ते धड सांगता येईना, म्हणून सविस्तर लिहितोय. माझ्या मते इथलं सगळ्यात चांगलं जेवण म्हणजे हाशे. बीफ, वजनाला तेवढाच कांदा, व्हिनेगर आणि मंद आच, एवढ्यावर सगळा खेळ.

मांस कुठलं घेतोस त्यावर अर्धं काम झालं समज. इथे खाटकाकडे ‘सुकाडे’ मागायचं. खांद्याचा भाग असतो तो, आणि कापाच्या मधोमध पांढरी शिरेची पट्टी जाते. ती पट्टी मुळीच काढून टाकू नकोस. दोन-तीन तास मंद आचेवर राहिली की विरघळते आणि रश्शाला असा चिकटपणा येतो की ओठ चिकटावेत. नुसत्या लुसलुशीत, महागड्या मांसाचं हाशे कोरडं होतं. वसईत म्हशीचं घेतलंस तरी चालेल, वेळ थोडा जास्त दे.

किलोभर मांसाचे मोठे तुकडे कर, मीठ-मिरी लाव. पातेल्यात लोणी तापव, फेस बसला की थोडे थोडे तुकडे टाकून सगळ्या बाजूंनी चांगले तपकिरी कर. एकदम सगळे टाकलेस तर पाणी सुटतं आणि मांस भाजण्याऐवजी उकडतं. मग किलोभर कांदा जाडसर उभा चिरून त्याच लोण्यात मऊ कर, वर चमचाभर मैदा. चार-पाच चमचे व्हिनेगर, तीन बे लीफ, पाच लवंगा, मांस जेमतेम बुडेल एवढं पाणी. आपलं तमालपत्र वेगळ्या झाडाचं, दालचिनीच्या वासाचं. ते एकच घाल.

आता झाकण ठेव आणि आच इतकी कमी कर की मधूनच एखादा बुडबुडा यावा. कुकर लावू नकोस, हे कळकळीनं सांगतो. कुकरमध्ये मांस शिजतं, पण रस्सा आटत नाही आणि कांदा त्यात मिळून येत नाही. जुन्या डच घरांत यासाठी रॉकेलचा वातीचा स्टोव्ह असायचा, तुझ्या आजीकडे होता अगदी तसाच. शेजारच्या आजी अजून त्याच्याबद्दल हळहळतात. त्या गॅसवर लोखंडी जाड चकती ठेवतात आणि तिच्यावर पातेलं. आपला जाड तवा तेच काम करेल.

शेवटच्या अर्ध्या तासात ‘ओंतबाइटकूक’चा एक काप कुस्करून घालतात. राईच्या पिठाचा, मसाल्याचा, गोडसर केक तो. त्यानं रस्सा दाट होतो आणि व्हिनेगरचा आंबटपणा गोडाशी जुळतो. तुझ्याकडे तो मिळणार नाही. पावाच्या कापाला मोहरीची पेस्ट फासून टाक, लिंबाएवढा गूळ आणि चिमूटभर लवंग-दालचिनीची पूड घाल.

साध्या शेतकरी जेवणात लवंग कशी, तर डच ईस्ट इंडिया कंपनीमुळे. १६०२ साली निघालेल्या या कंपनीनं मोलुक्काच्या (आजच्या इंडोनेशियातल्या) बेटांवरच्या लवंगेची मक्तेदारी मिळवली आणि त्यासाठी तिथल्या लोकांवर भयंकर जुलूम केले. वेंगुर्ल्याला जिच्या वखारीचे अवशेष आपण पाहिले, तीच ही कंपनी. रश्शात लवंग टाकताना मला हे आठवतं, आणि ते आठवायलाच हवं असं वाटतं.

हाशेबरोबर उकडून कुस्करलेला बटाटा आणि सफरचंद घालून शिजवलेला जांभळा कोबी. बटाट्याच्या ढिगात मधे चमच्यानं खळगा करायचा आणि त्यात रस्सा ओतायचा. लहान मुलं इथे बांध फुटू न देता खातात, तुझ्या पोरांनाही आवडेल.

शनिवारी रात्री करून ठेव. दुसऱ्या दिवशी चव जास्त मुरते, आणि रविवारी मिस्साहून आलात की वहिनींना फक्त गरम करायचं राहील. कसं झालं ते लगेच कळव, आणि तिथे सुकाडेसारखा काप मिळाला का तेही लिही.

तुझा,
विजय

ता. क. व्हिनेगर घरचं, माडाच्या ताडीचं असेल तर तीनच चमचे घाल, चव बघून वाढव.