नव्या शाळेतली मधली सुट्टी

मा. संपादक,
स.न.वि.वि.

जूनमध्ये शाळा उघडल्या की बदलीमुळे मुंबईत आलेल्या कुटुंबांतली मुले नव्या वर्गांत जाऊन बसतात. दाखला, गणवेश, वह्यापुस्तके यांची धावपळ पालक मनापासून करतात. आठवी-नववीतल्या अबोल मुलाच्या मधल्या सुट्टीचा विचार मात्र सहसा कुणी केलेला नसतो, आणि बुजरे मूल रुळते की मिटून जाते ते बहुतेक वेळा तिथेच ठरते. तासाला बाई असतात, बाक ठरलेला असतो. घंटा झाली की डबा घेऊन कुठे बसायचे हे त्याचे त्याला ठरवावे लागते, आणि बाकीच्यांची कोंडाळी आधीच जमलेली असतात. मग ते नळाशी रेंगाळते, भरलेली बाटली ओतून पुन्हा भरते. डबा तसाच घरी येतो.

यासाठी वर्गशिक्षिकेने एका शांत मुलाला, शक्यतो त्याच स्टेशनवरून येणाऱ्या, बाजूला घेऊन सांगावे की पहिले चार आठवडे डबा याच्यासोबत खा. हे काम वर्गातल्या सर्वांत बोलक्या मुलाला देण्याची चूक हमखास होते. त्याला दहा मित्र असतात, तिसऱ्या दिवशी तो विसरतो. दर आठवड्याला रांगा फिरवणाऱ्या शाळांनी निदान महिनाभर ही जोडी फोडू नये. पहिल्याच दिवशी सगळ्यांसमोर उभे करून ओळख करून द्यायला लावणे तर नकोच. त्यापेक्षा वह्या वाटायला द्याव्यात. दोन-चार दिवसांत नावे कळतात, फारसे बोलावेही लागत नाही.

मराठी माध्यमातून सेमी-इंग्रजीत आलेले मूल गणित येत असूनही गप्प बसते, कारण लसाविला इथे एलसीएम म्हणतात आणि छेदाला डिनॉमिनेटर. शिक्षक त्याला कच्चे समजतात. एका वहीत डावीकडे जुना शब्द, उजवीकडे नवा, रोज दहा लिहावेत. सुरुवात मागच्या इयत्तेच्या पुस्तकापासून करावी. बोलीचे दुखणे याहून नाजूक. नागपूरकडचे 'करून राहिलो' किंवा कोल्हापूरकडचे 'लई' ऐकून कुणी हसले, तर शिक्षकांनी तिथल्या तिथे थांबवावे. एकदा हसू झाले की तो हात पुन्हा वर होत नाही.

पालकांनी शाळा सुरू होण्याआधी मुलाला वर्ग, पाण्याचा नळ आणि स्वच्छतागृह दाखवून आणावे. स्वच्छतागृह कुठे हे विचारायची लाज वाटून दिवसभर पाणी न पिणारी मुले असतात. लोकलचा प्रवास असेल तर तो शाळेच्याच वेळी, कामाच्या दिवशी दोनदा करावा: एकदा बरोबर, एकदा चार पावले मागे राहून. रविवारची तालीम उपयोगाची नाही, त्या दिवशी मेगाब्लॉक असतो आणि गर्दीही निराळी. मुलासमोर 'हा जरा लाजाळूच आहे' असे बाईंना सांगू नये. घरी आल्यावर 'मित्र झाले का?' विचारण्याऐवजी 'आज डबा कुठे बसून खाल्लास?' असे विचारावे. खरी परिस्थिती त्या उत्तरातून कळते. जुन्या मित्रांचे फोन तोडू नयेत, रात्री जेवणानंतर अर्धा तास द्यावा.

दाखल्यासाठी मुलाला घरी बसवून ठेवू नये. जितका उशीर, तितकी कोंडाळी पक्की होतात. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम ५ नुसार सरकारी, पालिकेच्या व अनुदानित शाळांना आठवीपर्यंत केवळ दाखला उशिरा आला म्हणून प्रवेश नाकारता किंवा लांबवता येत नाही.

शाळेच्या दिवशी सकाळी पोटात दुखते आणि सुट्टीच्या दिवशी दुखत नाही, झोप उडाली आहे, डबा रोज परत येतो, असे महिना उलटल्यावरही चालू असेल तर त्याला हट्ट समजू नये. आधी वर्गशिक्षिकेला आणि शाळेच्या समुपदेशकांना भेटावे. शाळेत समुपदेशक नसतील तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य आहे, चोवीस तास चालू असतो. तिथे मराठीतून बोलता येते आणि फोन पालकांनी केला तरी चालतो.

- शालेय समुपदेशन करणाऱ्या काही शिक्षिका, दादर, मुंबई