कासरा कोणाच्या हातात?

मा. संपादक,
सविनय नमस्कार.

मागच्या आठवड्यात आपल्या अंकात सायबर फसवणुकीवर एक चौकट आली होती. फोन किंवा कॉम्प्युटर दुसऱ्या जागेवरून, दुरून चालवू देणारी सगळी ॲप्स फोनमधून काढून टाका, असं तिच्या शेवटी लिहिलं होतं. आमच्या गावात ती बऱ्याच जणांनी वाचली. दोघं तर माझ्याकडे फोन घेऊनच आले, 'वहिनी, काढून द्या न' म्हणून. त्यांची काढून दिली. माझं मात्र ठेवलं. का ठेवलं, ते सांगायला हे पत्र.

मी आर्वी तालुक्यातल्या एका गावात घरीच डीटीपी करते. लग्नसराईत पत्रिका, वर्षभर तेरवीची कार्डं, मधूनमधून सप्ताहाची आणि भंडाऱ्याची पत्रकं. काम कोरल ड्रॉ या प्रोग्राममध्ये आणि अक्षरं कृतिदेव या फाँटची. गेल्या वैशाखात यांच्या मणक्याचं ऑपरेशन निघालं आणि आम्हाला नागपूरला एकोणीस दिवस राहावं लागलं. सात पत्रिकांचा ॲडव्हान्स घेऊन बसले होते. काम फोनवर कर, असं सांगणारे भेटले. पण कृतिदेवची अक्षरं दिसायला मराठी आणि आतून इंग्रजी असतात. ती फाइल फोनवर उघडली की नवरदेवाच्या नावाच्या जागी एबीसीडीचा कचरा दिसतो. म्हणजे काम घरच्या कॉम्प्युटरवरच होणार आणि मी दवाखान्याच्या बाकावर.

माझा भाचा पुण्याला नोकरीला आहे. निघायच्या आदल्या रात्री त्यानं फोनवरून सांगत सांगत सगळं बसवून दिलं. विंडोजची स्वतःची अशी सोय असते, पण माझ्याकडचं होम व्हर्जन आहे आणि ते असं दुरून चालवू देत नाही. म्हणून गुगलचं क्रोम रिमोट डेस्कटॉप घेतलं. कॉम्प्युटरवर क्रोममध्ये माझ्याच जीमेलनं उघडलं, त्यानं एक छोटा प्रोग्राम उतरवून घेतला, कॉम्प्युटरला नाव विचारलं आणि पिन मागितला. पिन कमीत कमी सहा आकडी लागतो. फोनवर तेच ॲप, तेच जीमेल. नावावर बोट ठेवलं, पिन टाकला आणि घरचा पडदा हातात. राउटरमध्ये काही खुडबुड करावी लागत नाही, पैसेही लागत नाहीत. पिन टाकायच्या वेळी भाचा म्हणाला, "मामी, तो आकडा मले बी सांगू नको." आपली चौकट वाचताना मला तेच वाक्य आठवलं.

गंमत पुढं आहे. फोनच्या इंग्रजी कीबोर्डवर 'जे' दाबला की घरी कृतिदेवमध्ये 'र' उमटतो, 'यू' दाबला की 'न'. बोटांना वीस वर्षांची सवय असल्यामुळं जमलं. काही अक्षरांना ऑल्ट दाबून चार आकडे मारावे लागतात, ते फोनवरून काही होईना. मग ती अक्षरं जुन्या पत्रिकांतून उचलून आणून चिकटवायची. एका पत्रिकेला दोन तास लागायचे, घरी पाऊण तासात होते. पण झाल्या. प्रिंटरमध्ये कागद भरायचं काम सासूबाईंकडे दिलं होतं. त्यांनी पहिल्या दिवशी पडद्यावर टॉवेल टाकून ठेवला. "तुले तिथून घर दिसून राहिलं असंन न वं!" म्हणाल्या. मला घर दिसत नाही, फक्त पडद्यावरचं दिसतं, हे पटवायला दोन फोन करावे लागले.

टॉवेल तसाच राहिला असता तर बरं झालं असतं. मी इथून जे करते ते घरच्या पडद्यावर जसंच्या तसं दिसत असतं, हे माझ्या ध्यानातच आलं नाही. एक पत्रिका मी लावत होते आणि नेमकी तेव्हा शेजारची बाई सासूबाईंजवळ बसलेली. ज्या घरानं अजून भावकीलाही तारीख सांगितली नव्हती, त्यांच्या लग्नाची तारीख संध्याकाळपर्यंत पारावर पोचली. त्या घराशी बोलणं सुरू व्हायला महिना लागला. तेव्हापासून कामापुरता मॉनिटर बटणानं बंद करायला सांगते. सीपीयू चालू असला की पुरतं, निदान माझ्याकडे तरी पुरलं.

खरा वैरी निघाली लाइन, म्हणजे वीज. कॉम्प्युटर झोपला की फोनवरून उठत नाही, म्हणून 'स्लीप' आधीच 'नेव्हर' करून ठेवला होता. पण वैशाखातल्या वावटळीनं लाइन गेली की यूपीएस पंधरा मिनिटं ओढतो आणि मग सगळं ठप्प. राउटरही बंद. लाइन आल्यावर बटण दाबायला सासूबाई घरात पाहिजेत, आणि त्या वावरात. शेवटी भाच्यानं सांगितल्याप्रमाणं शेजारच्या पोरानं कॉम्प्युटर चालू होताना डिलीट दाबून आतल्या सेटिंगमध्ये जाऊन, लाइन आली की मशीन आपोआप सुरू होईल असं करून दिलं. बऱ्याच मशीनमध्ये ही सोय असते, नाव थोडं वेगवेगळं असतं. सुरू झाल्यावर विंडोजचा पासवर्ड फोनवरूनच टाकता येतो.

आता आपल्या चौकटीबद्दल. आमच्याच गावात एका शेतकऱ्याचे सोयाबीनचे पैसे असेच गेले. विम्याची रक्कम अडकली आहे म्हणून फोन आला, एक ॲप उतरवायला लावलं, त्यात दिसणारे नऊ आकडे विचारले आणि 'अलाउ' दाबायला सांगितलं. तिथून पुढं त्याच्या फोनवर येणारा ओटीपी त्याच्याआधी ते वाचत होते. रिझर्व्ह बँकेनं फेब्रुवारी २०१९ मध्येच बँकांना अशा प्रकाराबद्दल सावध केलं होतं. अशा फसवणुकीची तक्रार करायला १९३० या नंबरवर लगेच फोन करायचा असतो, हे त्याला दुसऱ्या दिवशी कळलं.

पण त्याच्या आणि माझ्या प्रकारात फरक आहे, आणि आपल्या चौकटीत तोच सुटला. माझ्या फोननं माझा कॉम्प्युटर चालतो. कासरा माझ्या हातात आहे आणि बैलही माझाच. त्याच्या बाबतीत बैल म्हणजे त्याचा स्वतःचा फोन होता आणि कासरा त्यानं अनोळखी माणसाच्या हातात दिला. नऊ आकडे सांगणं आणि 'अलाउ' दाबणं म्हणजे तेच. ॲप काढून तो माणूस उद्या सुरक्षित होईल असं मला वाटत नाही. पुढचा फोनवाला त्याला दुसऱ्या नावाचं ॲप सांगेल.

मीही शहाणी नव्हते. नागपूरला असताना फोनला साधा लॉकसुद्धा नव्हता. बाकावर फोन चोरीला गेला असता तर? भाच्याला हे कळल्यावर तो चिडला. आता लॉक आहे, जीमेलला दुहेरी पडताळणी आहे, आणि तो पिन मी कुठंही लिहून ठेवलेला नाही. बँकेचं काम मात्र मी दुरून करत नाही. कारण विचाराल तर शेजारची बाई.

म्हणून विनंती एवढीच, की पुढच्या वेळी अशी चौकट छापाल तर 'काढून टाका'च्या शेजारी दोन ओळींची जागा ठेवा: कोणता आकडा कोणालाही सांगायचा नाही, आणि 'अलाउ' दाबल्यावर नेमकं काय होतं. २००९ साली मी एमएस-सीआयटी केलं, तेव्हा वर्ड-एक्सेल शिकवलं, हे शिकवलं नाही. गावात शिकायला पेपरच आहे.

पत्र कृतिदेवमध्ये टाइप करून युनिकोडमध्ये बदललं आहे. एखादी वेलांटी इकडची तिकडे गेली असेल तर कृपया सुधारून घ्यावी.

आपली,
एक डीटीपीवाली
ता. आर्वी, जि. वर्धा