पहिल्या रायफलीआधी

चि. मुक्ता हिस अनेक आशीर्वाद.

हंटर एज्युकेशनचा कोर्स झाला आणि आता रायफल घ्यायची आहे, असा तुझा मेसेज वाचला. आईच्या गळी मी उतरवतो. बाकीचं फोनवर धड बोलून होत नाही, म्हणून लिहायला बसलोय.

ओहायोत हरणाच्या बंदुकीच्या मोसमात २०१४ पासून रायफल चालते, पण काडतूस सरळ भिंतीचं लागतं. म्हणजे नळकांडं वर मानेसारखं निमुळतं होत नाही ते. दुकानात तुला .४५० बुशमास्टर दाखवतील. जबरदस्त काडतूस आहे, पण हलक्या रायफलीत त्याचा धक्का खांद्याला झोंबतो. दोन-तीन बार झाले की तिसऱ्या-चौथ्याला चाप दाबण्याआधीच डोळे मिटतात. तू .३५० लेजंड घे. धक्का बराच कमी, आणि आपल्या रानात ऐंशी यार्डांपुढचं हरीण दिसतं तरी कुठे?

रायफल एका वेळी एकच काडतूस घेणारी, मधून मोडून उघडणारी घे. तू डावखुरी आहेस. बोल्टच्या, म्हणजे बाजूची दांडी मागे-पुढे ओढून काडतूस भरायच्या, बहुतेक रायफली उजव्या हाताला धरून केलेल्या असतात, हिला डावंउजवं नाही. शिवाय उघडली की नळी रिकामी आहे हे कुणालाही लांबून दिसतं. दस्ता आखूड बघ. तुझे हात माझ्यासारखे लांब नाहीत. आपल्या आजोबांकडे कोकणात शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची ठासणीची बंदूक होती. एक बार चुकला की पुन्हा ठासेपर्यंत डुक्कर वरकस माळ ओलांडून पार. त्यामुळे ते जनावर आडवं उभं राहीपर्यंत थांबत. ते थांबणं मी लहानपणी पाहिलं, आणि इथे येऊन विसरलो.

हे तुला कधी सांगितलं नव्हतं. माझ्या पहिल्या मोसमात रायफलीवर ४-१२ चा, म्हणजे चार ते बारा पट मोठं दाखवणारा, मोठा स्कोप (नेमाची दुर्बीण) होता आणि मी तो बारावर ठेवून बसलो होतो. मादी आली ती चाळीस यार्डांवर. स्कोपमध्ये नुसते तपकिरी केस दिसत होते, खांदा कुठे नि पोट कुठे कळेना. तरी मी चाप दाबला. रात्री नऊपर्यंत टॉर्च घेऊन पानापानावरचं रक्त शोधत गेलो. ओढ्यापाशी शेवटचा थेंब होता, करंगळीच्या नखाएवढा. पलीकडे काहीच नाही. दुसऱ्या दिवशी उजाडताच पुन्हा गेलो. सापडली नाही.

म्हणून स्कोप ३-९×४० पुरे (तीन ते नऊ पट, पुढची काच ४० मिलिमीटर), आणि बसताना तो तीनावरच हवा. हरीण लांब असलं तर वाढवायला वेळ मिळतो, जवळ आलं तर कमी करायला मिळत नाही. पहाटेच्या अंधुक उजेडातही तीनावरच चित्र उजळ दिसतं. आतल्या फुल्या साध्या घे, बाहेर जाड आणि मध्यात बारीक. रायफलीवर वाचलेले पैसे स्कोपच्या काचेवर आणि तो रायफलीवर धरणाऱ्या रिंगांवर घाल.

या रायफलीत स्कोप घोड्याच्या (बार काढण्याआधी अंगठ्याने मागे ओढायचा तो, चाप नव्हे) अगदी वर येतो आणि हातमोजा घातलेला अंगठा खाली शिरत नाही. त्यासाठी घोड्याला आडवा खुंट मिळतो, तो मागून घे. स्कोप मागे-पुढे किती ठेवायचा ते आपण मिळून ठरवू. डोळे मिटून रायफल खांद्याला लावायची, गाल दस्त्यावर टेकवायचा, मग डोळे उघडायचे. गोल चित्र पूर्ण दिसलं पाहिजे, कडेला काळी कोर नको. डोळा साडेतीन इंच तरी मागे हवा, नाहीतर भुवईवर खोक पडते.

मग रेंजवर जाऊ. मी तुला न दाखवता कधी खरं काडतूस घालीन, कधी न उडणारं डमी. डमीवर चाप दाबताना नळीचं तोंड खाली गेलं तर तू दचकतेस हे तुझं तुलाच दिसेल. शंभर यार्डांवर पाचही गोळ्या बशीएवढ्या जागेत बसेपर्यंत रानात जायचं नाही. यात मी ऐकणार नाही.

शनिवारी ये. येताना थंडीतलं ते जाड जाकीट आण. ते अंगात घातल्याशिवाय स्कोप बसवायचा नाही.

तुझा,
बाबा