एका प्रवासाची दोन तिकिटं

संपादक महाशय,
स. न.

मंगळवारच्या अंकात कर्जमेळाव्याची बातमी चार कॉलमी छापलीत. फोटोही झकास आहे. दरवाजाएवढा पुठ्ठ्याचा धनादेश, तो धरायला सहा पाहुणे, आणि जिला कर्ज मिळालं त्या बाईचा नुसता पदर दिसतोय. खाली ओळ टाकलीत की तारण नको, जामीनदार नको, सरकारच जामीन. ती वाचून माझा चेहरा असा काही झाला की घरातून विचारणा झाली, "कोण गेलं?"

गेलं कुणी नाही. माझी दोन लाखांची ठेव तेवढी बँकेत अडकून पडली आहे.

आमच्या सूनबाईंनी दिवाळी झाल्या झाल्या पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात अर्ज केला. धंदा मिरची-मसाला कांडपाचा. आमच्या गावात डंक, म्हणजे कांडपाचं यंत्र, नव्हता. चटणीच्या दिवसांत बायका पहाटेच मिरचीचं पोतं घेऊन कराडला जातात आणि दुपारपर्यंत शिंकत रांगेत बसतात. ती रांग गावात आणायची, एवढाच तिचा विचार. डंक, मोटर, भाजणीचं यंत्र, वर पत्र्याची शेड, सगळं मिळून आठ लाखांचा प्रकल्प. या योजनेत जागेची किंमत धरत नाहीत, पण जागा घरची होती, त्यामुळे तो प्रश्न नव्हता. ग्रामीण भागातली महिला म्हणून स्वतःचे पाच टक्के, म्हणजे चाळीस हजार, आणि अनुदान पस्तीस टक्के. हे अनुदान हातात पडत नाही, तीन वर्षं बँकेतच ठेव म्हणून राहतं. त्याबद्दल माझी तक्रार नाही. आठ-अ उतारा, कोटेशनं, उद्यम नोंदणी, सगळं तिनं स्वतः फिरून जमवलं.

बँकेतला साहेब तरुण, बोलायला गोड. कागद चाळले, मान हलवली आणि सुनेकडे न बघता मला विचारलं, "काका, तुम्ही रिटायर ना? पैसे एफडीतच असतील?"

मी म्हटलं, योजनेत तर तारण लागत नाही. तो म्हणाला, "लागत नाहीच. पण खातं थकलं की वरचे माझ्या मानगुटीवर बसतात."

पोराचं मला अगदीच पटलं नाही असं नाही. पण मग नियम कुणासाठी केलाय? सूक्ष्म आणि लघु उद्योगांच्या दहा लाखांपर्यंतच्या कर्जाला तारण घेऊ नका, असं रिझर्व्ह बँकेने २०१० सालीच बँकांना बजावलंय. शिवाय २००० सालापासून केंद्र सरकार आणि सिडबी, म्हणजे लघुउद्योग विकास बँक, यांनी मिळून उभा केलेला पतहमी निधी आहे. कर्ज बुडालं तर बँकेला त्यातून ठरलेला हिस्सा भरून मिळतो. ही हमी बँकेला असते, कर्जदाराला नसते, एवढं मला कळतं. सुनेनं पैसे बुडवले तर तिला सुटका नाही, आणि नसावीच. पण त्या हमीचं वार्षिक शुल्क सुनेच्याच खात्यातून कापलं जातं, आणि वर माझी ठेवही अडकवली जाते. मी एकतीस वर्षं एसटीत कंडक्टर होतो. एकाच प्रवाशाला एकाच प्रवासाची दोन तिकिटं फाडली असती, तर लाइन चेकिंगवाल्यांनी मला पुढच्या स्टॉपवर उतरवलं असतं. बँकेच्या गाडीत चेकिंग कोण करतं, एवढंच एकदा छापा.

चार महिने मी 'नाही' म्हणत होतो. तेवढ्यात चटणीचा हंगाम येऊन गेला. शेवटी ठेवीची पावती घेऊन गेलो आणि म्हटलं, ही कशासाठी घेताय ते लेखी द्या. लेखी देता येत नाही म्हणाले. उलट मलाच एक छापील कागद दिला, सही कुठे करायची तिथे पेन्सिलीने फुली मारलेली. त्यात लिहिलं होतं की सदर ठेव मी स्वखुशीने देत आहे. मी सही केली. बाहेर सूनबाई बाकावर बसल्या होत्या, आणखी काय करणार? डंक बसला तेव्हा गावात पेरणीची धांदल होती. पहिल्या आठवड्यात कुटायला आली ती अडीच किलो हळद, तीसुद्धा आमच्या विहिणीची.

आता हेही सांगून टाकतो. त्याच मंगळवारच्या अंकात, छोट्या जाहिरातींच्या पानावर, 'मुद्रा लोन फक्त आधारवर, २४ तासांत' अशा तीन जाहिराती आहेत. खाली नुसता मोबाइल नंबर. आम्ही कुणी एजंट नेमलेले नाहीत, असं मुद्राच्या संकेतस्थळावर स्वच्छ लिहिलेलं आहे. आमच्या वस्तीवरच्या एका पोराने अशाच नंबरावर 'फाइल चार्ज' म्हणून साडेतीन हजार भरले. तो नंबर आता लागत नाही. आपल्याकडच्या जाहिरातीचे पैसे मात्र त्या नंबरवाल्याने आगाऊच भरले असणार.

पुढच्या मेळाव्याला वार्ताहर जाईल तेव्हा त्याला पुठ्ठ्याच्या मागे उभ्या असलेल्या बाईला एवढंच विचारायला सांगा, की सासऱ्याची पावती कुठं आहे.

माझ्या ठेवीची मुदत फेब्रुवारीत संपते. बँकेने स्वखुशीने परत केली तर कळवीन.

आपला नियमित वाचक,
एक निवृत्त एसटी कंडक्टर,
ता. कराड, जि. सातारा