फ्लॅट ठरलाय, आणि अनंत पण येतोय

आई, बाबा,

फोनवर हा विषय काढला की बाबा "बघू" म्हणून फोन आईकडे देतात आणि आई मला जेवलीस का विचारते, म्हणून लिहितेय. गोरेगावचा फ्लॅट मी तुमच्यासाठी ठरवलाय. डिपॉझिटही दिलं. रागवा, पण आधी पूर्ण वाचा.

आपली बिल्डिंग पाडून नवी बांधणार, म्हणून दिवाळीपर्यंत रिकामी करायची आहे, तेव्हा सोसायटीतले सगळे एकदमच भाड्याची घरं शोधायला निघणार, मग मिळेल ते घ्यावं लागलं असतं, आणि माझ्यापासून चालत पाच मिनिटांवर, दोन लिफ्ट, खाली केमिस्ट असं परत कुठे मिळणार होतं? कमोड आहे, आईच्या गुडघ्यांना बरं. गॅसची पाइपलाइन आहे, सिलेंडरची कटकट नाही. आणि हो, सहावा मजला आहे.

बाबा, वाचणं थांबवू नका. बाल्कनी पूर्वेची आहे. सकाळी मुद्दाम जाऊन थांबले होते, अकरापर्यंत चांगलं ऊन येतं, मोगरा-जास्वंद रुसणार नाहीत, आणि आपल्याकडचा पाऊस झोडपतो पश्चिमेकडून, त्याचा मारा तिथे कमी. कुंड्या सगळ्या येतील. अनंत जमिनीतला, त्यात आजीने लावलेला, त्याला उपटायचं नाही. गुटी बांधू, आत्ताच, पावसाच्या तोंडावर. पेन्सिलीएवढी जाड फांदी घ्यायची, इंचभर साल गोल काढायची आणि खालचा बुळबुळीत थर नीट खरवडायचा, नाहीतर साल परत जुळून येते, मुळं फुटतच नाहीत. वर ओलं शेवाळ, प्लास्टिक, दोन्ही टोकांना सुतळी घट्ट. दीड-दोन महिन्यांत प्लास्टिकमधून पांढरी मुळं दिसायला लागली की कापून कुंडीत. म्हणून तर मी घराचा ताबा दसऱ्याला मागितला, मालक लगेच चावी द्यायला तयार होता.

प्राजक्ताच्या त्या चपट्या शेंगा आईने मसाल्याच्या डब्याशेजारी ठेवल्यात ना, त्यातल्या बिया आत्ताच पेर. आई, तू झाडाखाली जुनी चादर अंथरायचीस आणि मी शाळेत जायच्या आधी फुलं वेचायचे, देठांचा केशरी रंग युनिफॉर्मला लागला की ओरडायचीस पण तूच, ते मला अजून मजेशीर वाटतं.

बकुळ कंपाउंडला लागून आहे, ती प्लॅनमध्ये ठेवा असं कमिटीला लेखी दिलंय. वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीशिवाय बिल्डरला झाड तोडता येत नाही, १९७५चा कायदा आहे. पण परवानगी मिळते, हेही खरं. सोनचाफा बरोब्बर मधोमध आहे, त्याचं मी खोटं सांगणार नाही. आपण कलमी आणू, कुंडीतही वर्षा-दोन वर्षांत फुलतो, बियांच्या झाडासारखी वाट बघायला लावत नाही. तो हा नव्हे, हे मलाही कळतं बाबा.

आता नियम. कठड्याच्या बाहेर एकही कुंडी टांगायची नाही, खाली माणसं चालतात. ओली माती फार जड होते, निम्मं कोकोपीट घालायचं, बाबांनी नाक मुरडलं तरी. कुंडीखालच्या ताटल्या दर रविवारी ओतून घासायच्या, डेंग्यूच्या डासाला तेवढं पाणी पुरतं, गेल्या वर्षीचं हॉस्पिटल आठवा. जास्वंदीवर पिठ्या ढेकूण आला तर नीमतेल संध्याकाळी मारायचं, उन्हात नाही. आणि बाबा, स्टुलावर चढून मधुमालती छाटायला जाल तर मी खरंच बोलणार नाही तुमच्याशी.

शनिवारी सकाळी येतेय. शेवाळ मी आणते, सुतळी बाबांच्या खणात आहेच. अनंताच्या दोन-तीन चांगल्या फांद्या तुम्हीच निवडून ठेवा, मला त्यातलं काही कळत नाही. आई, शिरा करत बसू नकोस, पोळी-भाजी पुरे.

तुमची,
मनू